अंड्यांची दुरडी आणि पार्वतीबाईंचा शब्द

मित्रांनो, माझं वय झालं आहे हे आधीच सांगून ठेवते. म्हणजे बोलता बोलता मध्येच काडी मोडल्यासारखा आवाज आला, तर तुम्ही दचकणार नाही. मी बांबूची दुरडी. वरून गोल, आतून खोल, आणि काठाला निळी सुतळी गुंडाळलेली. रेणापूरच्या पुढं, डांबरी रस्ता सोडून आत गेलं की एक लहानसं गाव लागतं. तिथं पार्वतीबाईंच्या ओसरीवर माझं आयुष्य गेलं. मला फार सांगायचं नाही. दिवसभर राबलेलं माणूस जसं भिंतीला टेकून चार शब्द बोलतं आणि मग डोळे मिटतं, तसं बोलणार आहे.

मला लिंबाजीमामांनी विणलं. रेणापूरच्या रस्त्याकडेला चिंचेखाली ते बांबू चिरत बसत. ओला बांबू चिरताना एक हिरवा वास येतो. तो वास माझ्या अंगात पुष्कळ दिवस होता, पुढं अंड्यांच्या आणि भुसकटाच्या वासात कधी मिसळून गेला ते कळलं नाही. पार्वतीबाई मला घ्यायला आल्या तेव्हा मी अर्धीच झाले होते. त्या शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "मामा, जरा खोल करा. अंडी एकमेकांवर आदळू नाहीत. अन आतून काड्या नीट घासा. कवा कवा कोंबडं बी न्यावं लागतंय. त्याचं पाय सोलू नाहीत."

लिंबाजीमामा हसले. "पार्वतीबाई, आज ना उद्या कापायचं कोंबडं. त्याच्या पायाची फिकीर कशाला?"

"कापस्तोवर तर जित्तंच हाय न्हवं?" पार्वतीबाई म्हणाल्या.

मामांनी मग कोयता खाली ठेवला. काचेच्या तुकड्यानं माझी एकेक काडी घासली. मित्रांनो, देव प्रत्येकाला कानात एखादं वाक्य सांगून खाली पाठवतो म्हणतात. माझ्या कानात हे वाक्य पडलं.

पार्वतीबाईंचं घर म्हणजे दोन खोल्या, ओसरी आणि मागं मोठं अंगण. अंगणात शेवग्याचं झाड, उकिरडा, तुळस, आणि सगळीकडं कोंबड्या. सकाळी तुळशीला पाणी घालून झालं, हात जोडून झाले, की पार्वतीबाई कोंबड्यांवर पालथं घातलेलं डालगं उचलत. कोंबड्या पंख झाडत बाहेर पडत. दिवसभर माती उकरत, किडे टिपत, धुळीत अंग घोळत. अंडं घालायची वेळ झाली की आपापल्या कोपऱ्यात जात. कुणी चुलीमागं, कुणी कडब्यात, एक तर थेट देवघराच्या फळीखाली. पार्वतीबाई तिलाही हाकलत नसत. "देवापाशी निवांत वाटत असंल तिला," म्हणत.

शेजारी सिद्धम्मा राहत. माहेर निलंग्याकडचं, गळ्यात लिंग, अंड्याला उभ्या जन्मात हात लावलेला नाही. पण कोंबड्यांना रोज मूठभर ज्वारी टाकल्याशिवाय त्या चहा घेत नसत. भिंतीवरून ज्वारी टाकायची आणि टोमणाही टाकायचा.

"पारू, सोमवार धरतीस, एकादस धरतीस, अन अंडी इकतीस. यव्वा, देवाला कसं गं तोंड दाखवतीस?"

"मी इकते, छळत न्हाई," पार्वतीबाई म्हणत. "देवाला दिसतंय की."

"देवाला कोंबडी बी दिसती."

"मंग तिलाच इच्यारू दे त्यानं."

आणि दोघी हसत. रोजचंच होतं ते.

मी आठवड्यातून दोनदा एसटीनं लातूरला जाई. माझ्यात भुसकट, भुसकटात अंडी, वर ओलं फडकं. पार्वतीबाई मला मांडीवर घेत, एसटी कितीही धडधडली तरी खाली ठेवत नसत. कंडक्टर म्हणायचा, "मावशी, नातू हाय का त्यात?" कधी कुणाला कोंबडा हवा असला तर तो माझ्यात बसून जाई, फडक्यातून मान बाहेर काढून. पाय बांधून, उलटा लोंबकळत त्यांनी कधीच नेला नाही. देताना सांगत, "आदी पाणी पाजा. दुसऱ्या जिवासमोर कापू नका. सुरी चांगली घासून घ्या." लोक हो हो म्हणत. काही ऐकत, काही ऐकत नसत. मित्रांनो, मी तुमच्यापासून लपवणार नाही. माझ्यातून गेलेले कोंबडे परत आले नाहीत. पण निघतानाच्या वाटेवर त्यांना सावली होती आणि पायाला दोर नव्हता.

मला सुट्ट्याही असत. त्या माणसांच्या व्रतांवर चालत. सोमवार, गुरुवार, एकादशी, मार्गशीर्ष, नवरात्र. आणि सगळ्यांत मोठी सुट्टी श्रावणाची. श्रावणात लातुरात अंडं कोण विचारणार? पण कोंबड्यांना श्रावण कुठं माहीत असतो? त्या अंडी घालतच राहतात. दुसरे लोक ती अंडी मडक्यात साठवून ठेवतात आणि श्रावण सुटला की विकतात. पार्वतीबाई तसं करत नसत. त्या म्हणत, "उपासाचा महिना कोंबडीचा." म्हणजे श्रावणातली अंडी त्या कोंबड्यांखाली उबवायला ठेवत. ठेवताना प्रत्येक अंड्यावर कोळशानं एक रेघ ओढत. कारण बसलेल्या कोंबडीजवळ दुसऱ्या कोंबड्याही येऊन अंडं घालून जातात. रेघ असलेलं अंडं उबवायचं, त्याला हात लावायचा नाही. रेघ नसलेलं अंडं ताजं, ते काढून घ्यायचं. एवढा साधा हिशेब. शाळा न लागणारा.

तर अशा एका वर्षी, उन्हाळ्याच्या सुमाराला, बुद्धप्रिया आल्या. लातूरच्या एका दवाखान्यात त्या नर्स होत्या. स्कूटी चिंचोळ्या रस्त्यानं आणून अंगणाच्या तोंडाशी लावली आणि म्हणाल्या, "तुम्ही एसटीत कुणालातरी सांगत होतात की तुमच्या कोंबड्या मोकळ्या असतात. मला बघायच्यात."

"बगा की," पार्वतीबाई म्हणाल्या. "तिकीट न्हाई."

बुद्धप्रिया खरंच बघू लागल्या. डालगं उचलून पाहिलं. पाण्याचं भांडं पाहिलं. काय खातात, रात्री किती जणी एका डालग्याखाली असतात, चोच कापता का, आजारी पडली तर काय करता, कोंबडा कोण कापतं, कसा कापतं, सगळं विचारलं. पार्वतीबाई सांगत राहिल्या. मग त्यांनाच हसू फुटलं.

"बाई, तुमी अंडी घ्यायला आलाव का सोयरीक जमवायला?"

भिंतीवरून सिद्धम्मा म्हणाल्या, "माझ्या पोरीचं ठिकाण बगताना बी इतकं इच्यारलं न्हवतं मी. म्हून तर फसले."

बुद्धप्रिया हसल्या आणि ओसरीच्या काठावर, माझ्याशेजारी टेकल्या. त्या दिवशी त्या दमलेल्या दिसत होत्या. त्यांच्या आईचं ऑपरेशन झालं होतं. अंगात ताकद यावी म्हणून डॉक्टरांनी रोज अंडं आणि मधूनमधून कोंबडीचं सूप सांगितलं होतं.

"मी पंचशील घेतलंय, मावशी," त्या म्हणाल्या. "मांसाहार अजून सुटला नाही. सुटेल तेव्हा सुटेल. पण ड्युटीवरून येताना रोज कोंबड्यांची गाडी दिसते. एकावर एक जाळ्या. एकदा सिग्नलला गाडी शेजारी थांबली. एकीची मान जाळीत अडकली होती आणि वरच्या सगळ्या तिच्यावर घाण करत होत्या. ती माझ्याकडं बघत होती. आईला ते कसं खाऊ घालू?"

मग त्यांनी शोधाशोध केलेली सांगितली. 'गावरान' पाटी लावलेल्या दुकानात गेल्या, तर मागच्या खोलीत त्याच जाळ्या. एका आठवडी बाजारातून तांबूस अंडी आणली, घरी पाण्यात टाकली तर चहाचा रंग उतरला आणि खालून पांढरी निघाली. कुणाला विचारलं की लोक हसायचे, नाहीतर चिडायचे. खायची वस्तू कुठून आली एवढंच विचारायचं, त्यात चिडायचं काय, हे त्यांना कळत नव्हतं.

पार्वतीबाईंनी मला जवळ ओढलं. मग म्हणाल्या, "माझ्या दुरडीतलं अंडं माझ्या अंगणातलंच असंल. उपाशी, कोंडलेल्या कोंबडीचं नसंल. अन बसलेल्या कोंबडीखालचं मी कवाच काढणार न्हाई. हा माझा शब्द."

मित्रांनो, हा शब्द लक्षात ठेवा. पुढचं सगळं त्याच्यावर आहे.

त्यानंतरचे महिने माझे मानाचे. बुद्धप्रियांनी आपल्या कॉलनीत सांगितलं आणि लोक विचारू लागले. कुणीतरी माझा फोटो काढला. भुसकटात अंडी आणि कडेला पार्वतीबाईंच्या हिरव्या बांगड्या. तो फोटो मोबाइलवर फिरला म्हणे. लोक म्हणायचे, "काय सुंदर दुरडी!" मला खोटं बोलता येत नाही. बरं वाटलं. पण कौतुक वाढलं की ओझंही वाढतं, हे मला काठाशी पहिली काडी सुटली तेव्हा कळलं.

पार्वतीबाईंचा मुलगा रविकांत लातूरला मोबाइलच्या दुकानात कामाला होता. सुट्टीला घरी येई. मनानं चांगला. आईचे गुडघे दुखतात, ती एसटीच्या पायऱ्या चढताना दुरडी छातीशी धरते, हे त्याला बघवत नसे. त्यानं व्हॉट्सॲपवर ग्रुप काढला, ऑर्डर त्यावर घ्यायच्या आणि त्यानं मोटारसायकलवरून पोचवायच्या. हेतू वाईट नव्हता. पण ग्रुपवर कुणी काही मागितलं की तो एकच शब्द लिहायचा. हो.

पार्वतीबाई म्हणत, "आरं, कोंबडीला इच्यारून तर लिही."

"आई, न्हाई म्हणलं की गिऱ्हाईक तुटतंय. बाजारात न्हाई म्हणायचं नसतंय."

श्रावण आला. मी खुंटीला टांगली गेले आणि रविकांतच्या खेपाही थांबल्या. पार्वतीबाईंचे उपास सुरू झाले, आणि श्रावण अर्ध्यावर असताना त्यांनी आपली थोरली करडी कोंबडी अंड्यांवर बसवली. प्रत्येक अंड्यावर कोळशाची रेघ. करडी कोंबडी शांत स्वभावाची. एकदा बसली की दाणापाण्यापुरती उठायची आणि डोळे अर्धे मिटून परत बसायची. तिच्याकडं पाहिलं की मला वाटायचं, हीसुद्धा व्रतच करते आहे. हिला कुणी कहाणी वाचून दाखवत नाही, एवढाच फरक.

पोळा झाला आणि श्रावण सुटला. आता तुम्हाला माहीतच आहे. पोळ्यानंतर गणपती येईपर्यंत मध्ये मोजके दिवस मिळतात. महिनाभर थांबलेले लोक त्या दिवसांत अंड्यामटणावर तुटून पडतात, कारण गणपती बसले की पुन्हा बंद. ग्रुपवर एकामागून एक मागण्या आल्या. रविकांत पोळ्याला घरी आला होता. त्यानं सगळ्यांना हो लिहिलं. आणि अंगणात पाहिलं तर ताजी अंडी फारच थोडी. कोंबड्या बसलेल्या, श्रावणातली अंडी त्यांच्याखाली.

हरतालिकेचा दिवस उजाडला. पार्वतीबाईंचा पाण्याचा थेंबही न घेण्याचा उपास. सकाळीच त्या बायकांबरोबर महादेवाच्या देवळात गेल्या. सिद्धम्माही त्यांच्यासोबत गेल्या. महादेव त्यांचाही. घरी रविकांत एकटा. लातूरहून फोनवर फोन. "उद्या गणपती आहेत, आजच द्या." तो अंगणात येरझाऱ्या घालत होता. मग त्यानं मला खुंटीवरून काढलं, आणि करड्या कोंबडीपाशी गेला.

तिनं हातावर चोच मारली. तो म्हणाला, "आगं, कालपरवाच बसलीस की. अजून काय झालं नसंल त्यात." त्याला वाटलं आईनं तिला पोळ्याच्याच दिवशी बसवलं. तो तेव्हाच घरी आला होता, तेव्हाच त्यानं तिला पहिल्यांदा बसलेलं पाहिलं. अंड्यांवर काळ्या रेघा होत्या. शहरातल्या लोकांना डाग चालत नाहीत, म्हणून त्यानं ओल्या फडक्यानं एकेक अंडं पुसलं. रेघ गेली. अंडी माझ्यात आली.

मित्रांनो, आजवर माझ्यात आलेली अंडी गार असत. ही ऊन होती. एका अंड्यातून माझ्या काडीला काहीतरी अगदी हलकं लागत होतं, आतून कुणी बोट वाजवावं तसं. रविकांतला सांगायला मला तोंड नव्हतं. मोटारसायकल लातूरच्या रस्त्याला लागली आणि ते हलकं लागणं वाऱ्यात हळूहळू कमी होत गेलं.

पार्वतीबाई देवळातून परत आल्या त्या दुपार कलताना. मी रिकामी होऊन ओसरीवर आले होते. तेवढ्यात बुद्धप्रियांचा फोन आला. रविकांतनं तो स्पीकरवर लावून आईच्या हातात दिला.

"मावशी," त्या म्हणाल्या, "आईसाठी अंडं फोडलं. आत पिल्लू होतं. डोळे मिटलेले होते. पिसं आली होती."

"रेघ होती का त्येच्यावर, पोरी? कोळशाची?"

"नाही. स्वच्छ होतं."

पार्वतीबाई उठल्या आणि करड्या कोंबडीपाशी गेल्या. कोंबडी मोकळ्या भुसकटावर बसलेली होती. पंख पसरून, जणू खाली सगळं आहेच. पार्वतीबाईंनी तिच्या पोटाखाली हात घातला आणि तसाच ठेवला.

रविकांत मागं उभा होता. "आई, मला वाटलं पोळ्यालाच बसविलीस..."

"कोळसा मी कामून लावते, कवा इच्यारलास का?"

"म्या पुसला. लोकांला काळं आवडत न्हाई."

पार्वतीबाई त्याच्यावर ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं असं त्याच्या तोंडाकडं बघून वाटत होतं. त्या एवढंच म्हणाल्या, "गाडी काढ. ज्यांना ज्यांना दिलीस, त्यांच्या त्यांच्या दारात जायचंय. असतील तितकी माघारी आणू."

"आई, आज तुझा उपास. घोटभर पाणी तरी..."

"तिचा बी हाय," कोंबडीकडं बघून त्या म्हणाल्या.

भिंतीपलीकडून सिद्धम्मांनी सगळं ऐकलं होतं. त्या अंगणात आल्या. "तू जा पारू. कोंबडी उठू नाई म्हून मी बसते हितं." आणि काय केलं त्यांनी? अंड्यासारखं काहीतरी तिच्या पोटाला लागावं म्हणून घरातून लहान लहान कांदे आणले आणि कोंबडीखाली सरकवले. "अंड्याला हात लावायची न्हाई मी," त्या म्हणाल्या, "पर कांदा तर लावू शकते की न्हाई?" त्या दिवशी त्या घरात कुणी हसलं असेल तर तेवढंच.

लातुरात घरोघरी लगबग होती. दारात तोरणं, मखरं, फुलांच्या माळा. पार्वतीबाई मला काखेत घेऊन एकेका दारात उभ्या राहिल्या. ओठ कोरडे, डोक्यावर पदर. एका घरात दिपाली नावाच्या बाई रांगोळी काढत होत्या. त्यांनी मला पाहिलं आणि उठून उभ्या राहिल्या.

"काकू, अहो उद्या गणपती बसायचेत आणि अंड्याची दुरडी घेऊन दारात? आत्ताच उंबरा धुतलाय."

"आत येत न्हाई मी. सकाळची अंडी माघारी द्या. ती बसलेल्या कोंबडीखालची हायत. आमची चूक झाली."

दिपालीबाईंनी नाक मुरडलं. "ई! आम्ही तर फ्रीजमध्ये ठेवलीत." त्यांनी ती आणून दिली. मग हळूच विचारलं, "काकू, खरंच तुमच्याच कोंबड्यांची होती ना आजवरची? की तीपण अशीच कुठूनतरी?"

पार्वतीबाईंनी अंडी हातात घेतली. खरं उत्तर होतं त्यांच्याकडं. पण खऱ्या उत्तराला ऐकणारा लागतो. त्यांनी फक्त ती अंडी माझ्यात ठेवली. ती नदीतल्या गोट्यांसारखी गार होती.

असंच दारोदार झालं. कुणी आधीच फेकून दिली होती. कुणी दार उघडून पुन्हा लोटलं. कुणी चांगलं बोललं, पण त्या चांगल्या बोलण्यात पुन्हा येऊ नका असं होतं. रविकांत प्रत्येक दारात आईच्या आधी पुढं होऊन म्हणायचा, "चूक माझी हाय, आईची न्हाई." लोक त्याच्याकडं बघत नसत. आईकडंच बघत. शब्द तिचा होता ना.

शेवटी बुद्धप्रियांचं घर. खोलीत बुद्धाची तसबीर, खाली मेणबत्ती, आणि पलंगावर त्यांची आई उशीला टेकून बसलेली. टेबलावर एक शाल गुंडाळून ठेवलेली होती. बुद्धप्रियांनी ती उलगडली. आत उरलेली अंडी, कापसात, शेजारी कोमट पाण्याची पिशवी.

"दुसरं मी फोडलं नाही," त्या म्हणाल्या. "दिव्यासमोर धरून पाहिलं. एकात काहीतरी हलत होतं. म्हणून अशी ठेवलीत."

पार्वतीबाई दारातच बसल्या. "पोरी, तुझ्यासमोर मला तोंड न्हाई."

"तोंड आहे म्हणून तर आलात. दुकानदार येत नाहीत." बुद्धप्रिया त्यांच्याजवळ खाली बसल्या. "मी रागावले नाही असं म्हणणार नाही. आईनं ताट तसंच बाजूला सारलं. मी दोन वेळा हात धुतले तरी वास जाईना. एवढं शोधून तुमच्यापाशी आले होते."

पलंगावरून त्यांची आई म्हणाल्या, "आगं, तिला पाणी तरी दे आदी."

"उपास हाय माय," पार्वतीबाई म्हणाल्या.

बुद्धप्रिया मग रविकांतकडं वळल्या. "रविकांत, अंडी नव्हती तर हो का लिहिलंस?"

"न्हाई म्हणलं की गिऱ्हाईक तुटतंय, ताई."

"आणि आता?"

त्यानं मला उचलून त्यांच्यापुढं धरलं. बुद्धप्रियांनी शालीसकट अंडी माझ्यात ठेवली आणि काठावरून हात फिरवला. "मावशी, माझ्यासाठी एक करा. नसतील तेव्हा नाही म्हणा. मी आईला मुगाचं कढण देईन. आम्हाला थांबता येतं."

येताना पार्वतीबाईंनी मला इतकं घट्ट धरलं की माझा तळ एका बाजूनं उसवला. शालीतली ऊब माझ्या उसवलेल्या तळातून त्यांच्या मांडीला लागत होती, आणि ते मला बरं वाटत होतं.

करड्या कोंबडीनं कांदे सोडून अंडी पोटाखाली ओढून घेतली, एकेक करून, चोचीनं. फ्रीजमधली गार अंडीही तिनं घेतली. तिनं कुठलं कुठून आलं ते विचारलं नाही.

पुढं काय झालं ते सांगते, आणि गोड करून सांगत नाही. गार झालेल्यांतून कुणी बाहेर आलं नाही. कोंबडी उठल्यावर रविकांतनं स्वतः शेवग्याखाली खड्डा खणला आणि ती अंडी पुरली. पार्वतीबाईंनी वर हळदकुंकू वाहिलं. सिद्धम्मा भिंतीपाशी उभ्या राहून काहीतरी पुटपुटल्या. शालीतल्या अंड्यांतून मात्र पिल्लं निघाली. थोडीच, पण निघाली. रविकांत बराच वेळ त्यांच्यापुढं बसून राहिला. मग त्यानं ग्रुपवर सगळं लिहिलं. रेघ कोणी पुसली, कशासाठी पुसली, आणि त्यात आईचा दोष नाही. ग्रुपमधून बरेच लोक निघून गेले. त्यांना दोष कसा देऊ? एकदा फसलेलं माणूस पुन्हा येतच नाही असं नाही, पण यायला त्याला वेळ लागतो. दिपालीबाई अजून आलेल्या नाहीत.

बुद्धप्रिया येतात. त्यांच्या आई आता काठी घेऊन चालतात. महिन्यातून दोनदा स्कूटी अंगणाच्या तोंडाशी लागते. कधी अंडी असतात, कधी नसतात. नसली की रविकांत फोनवर सांगतो, "आज न्हाईत, ताई. कोंबड्या बसल्यात." ते सांगताना सुरुवातीला त्याचा आवाज दबायचा. आता दबत नाही.

आणि मी? तळ उसवल्यावर माझं एसटीनं फिरणं संपलं. पार्वतीबाईंनी नवी दुरडी घेतली. तिचा काठ प्लास्टिकच्या पट्टीनं बांधलेला आहे, बरी दिसते ती. मला चुलीत घालावं की काय असं एकदा बोलणंही झालं. पण मग तळाला पोत्याचा तुकडा लावून, भुसकट भरून, मला ओसरीच्या कोपऱ्यात ठेवलं. तिथं आता कोंबडी येते. अंगावर थोडं वजन पडतं, थोडी ऊब येते. माझ्या वयाला एवढं पुरे.

मित्रांनो, तुमच्या घरी अंडं येतं, कधी कोंबडी येते. खाणं न खाणं हे ज्याचं त्याचं. त्यात मी पडत नाही. एवढंच मागते की ते कुठून आलं हे विचारायला लाजू नका. विचारल्यावर जो चिडतो त्याच्या दारात थांबू नका. आणि कधी तुम्ही रिकामी पिशवी घेऊन एखाद्या अंगणात गेलात, आणि तिथल्या बाईनं मान हलवून "आज नाहीत" म्हटलं, तर तोंड वाकडं करून परतू नका. तिच्या घरात तेव्हा कुणीतरी डोळे अर्धे मिटून अंड्यांवर बसलेलं असतं.